लेबलांची फाइल

“काही सुचेनासं झालं की आधी एस्केप दाबायचं, गिरिजा. घाबरायचं ते नंतर.”

मुरलीधरांचं हे वाक्य लॉकडाउनमधलं. तेव्हा ते अख्खी वाक्यं बोलत होते. माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर, फाइली लिहायच्या काळ्या पडद्याच्या एडिटरमध्ये काम कसं करतात हे त्यांनी बायकोला हौसेने शिकवलं होतं. गिरिजाने त्यात आपली रोजची स्तोत्रं टाइप करून ठेवली होती.

आता ते तिच्या शेजारी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित. अर्धांगाचा झटका आल्यापासून समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द एकच यायचा, इतकी वर्षं दिल्लीत राहून जिभेला चिकटलेला.

“उघडू फाइल?”

“बिल्कुल.”

समोर पडद्यावर त्यांच्या कंपनीच्या, दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्याचा सर्व्हर उघडा होता. सुट्या भागांवर चिकटवायची लेबलं छापून येत नव्हती. मुरलीधरांच्या हाताखाली तयार झालेल्या चिरागने चॅटवर लिहिलं होतं, ‘सर, लेबल नहीं आ रहे. फुर्सत से देख लीजिए.’

सर घरून काम करतात, असं ऑफिसात सगळे समजून होते. महिन्याच्या अहवालात त्यांच्या नावासमोर काम दिसलं की वरचे लोक पुढे विचारत नसत. नोकरी गेली असती तर कंपनीचा विमा गेला असता, आणि रोज बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईही.

“आई, हा चिराग कधी फोन का नाही करत गं?” रुचिरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. मुलीला हे सगळं पसंत नव्हतं.

“त्याला लिहिणं बरं पडत असेल. देवाची कृपा समज.”

“देवाला सांगितलंयस का, बाबांच्या नावाने कोण बसतं ते?”

“सांगितलंय. एक शब्द खोटा लिहिणार नाही, असंही सांगितलंय.” गिरिजाने चॅटवर टाइप केलं, ‘देख रहे हैं.’ “दोघं बघतोय. खोटं काय त्यात?”

“वकील व्हायला हवं होतंस, यार.”

“आईला यार म्हणू नये.”

चिरागही तिकडून तीच फाइल बघत होता. गिरिजा एकेक ओळ खाली सरकवत गेली. मुरलीधरांचा डावा हात उठला आणि बोट पडद्याला टेकलं. ओळीच्या शेवटी हवा तो स्वल्पविराम नव्हता. तिने कर्सर तिथे नेला आणि लिहिण्यासाठीची कळ दाबली.

तेवढ्यात भजनी मंडळाचा मेसेज आला. उद्या नैवेद्याला कोण काय आणणार? सगळ्याजणी खोळंबल्या असतील म्हणून तिने मराठीत उत्तर पाठवलं, ‘मी शिरा करते’, आणि परत फाइलीत येऊन स्वल्पविरामाची कळ दाबली.

ओळीत एक ठसठशीत देवनागरी अक्षर उमटलं.

गिरिजाने एस्केप दाबलं. मग केलेलं मागे घेणारी कळ. काही झालं नाही. पुन्हा दाबली. लॅपटॉपने नुसता टुंग आवाज केला. अक्षर होतं तिथेच. मुरलीधरांनी उभ्या नोकरीत त्या सर्व्हरवर देवनागरीचा एक काना लिहिला नव्हता, आणि चिराग बघत होता.

“ऐकतच नाहीये हे,” ती पुटपुटली.

“झालं,” रुचिरा जवळ येत म्हणाली. “पकडली गेलीस तू.”

“अहो, काय करू?”

मुरलीधरांचा चेहरा वाकडा झाला. गिरिजाला वाटलं पुन्हा झटका आला की काय, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत. डावं बोट पडद्याच्या कोपऱ्याकडे वळलं. तिथे कीबोर्ड अजून मराठीवरच होता.

“अगं बाई,” गिरिजा म्हणाली.

तिने कीबोर्ड इंग्रजीवर आणला. मागे घेणारी कळ दाबताच अक्षर नाहीसं झालं. मग स्वल्पविराम टाकला, फाइल सेव्ह केली आणि चॅटवर लिहिलं, ‘हो गया.’

तिकडे चिराग टाइप करत असल्याचे ठिपके हलायला लागले. थांबले. पुन्हा हलले. रुचिरानेही आता आईच्या खुर्चीची पाठ धरली होती.

‘लेबल आ गए सर. आपके बिना मुश्किल था.’

गिरिजाने डोळे मिटून हात जोडले. रुचिराने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. “आज वाचलीस. चहा टाकते.”

“मला नको. सोडलाय ना, हे बोलेपर्यंत.”

“मग बोला की हो बाबा लवकर. हिचा चहा तुमच्यावर अडलाय.”

“बिल्कुल,” मुरलीधर म्हणाले, आणि तिघंही हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात असं मोकळं हसू ऐकू आलं. गिरिजा हलक्या पावलांनी देवापाशी दिवा लावायला गेली.

मानेसरला चिरागने चॅट बंद केलं. शेजारच्या टेबलावरच्या प्रतीकने बॅग खांद्याला लावत विचारलं, “यार, सारे प्रिंटर तो होली से नए सिस्टम पे हैं. ये पुराना सर्वर बंद क्यों नहीं करता?”

“करेंगे. पहले सर को लौटने दे.”

प्रतीक कंपनीची बस गाठायला निघून गेला. आयसीयूच्या काचेबाहेर उभं राहून, आत झोपलेल्या सरांना दिलेला शब्द चिरागने कुणालाच सांगितला नव्हता. त्याने आत्ताच दुरुस्त झालेली फाइल पुन्हा उघडली आणि परवासाठी, गिरिजा आंटींना जमेल अशी एक ओळ हळूच बिघडवली.