पान नंबर ६१८

"दोनशे चाळीस पानांच्या पुस्तकात सहाशे अठरावं पान आलं कुठून?" निरंजन सरांनी प्रकल्पाची वही शांतपणे सुजितपुढे सरकवली. सर शांत झाले की मुलं जास्त घाबरायची.

सुजित मान खाली घालून उभा होता. प्रकल्प नापास म्हणजे वर्ष गेलं. त्याचे वडील दत्तोबा त्याला कुरुळीहून गाडीवर घेऊन आले होते आणि बाहेर बाकावर बसून जाड भिंगांच्या चष्म्यातून दाराकडे बघत होते. तीस वर्षं चाकणच्या कंपनीत मशिनी चालवलेला माणूस, पण आज पार गरीब गाय झाला होता.

मिनलला राहवेना. निगडीच्या या कॉलेजचं ग्रंथालय ती सांभाळायची, आणि ई-बुकांचा हट्ट तिचाच. कामगार कायद्यांवरचं ते पुस्तक तिनेच मुलांच्या फोनवर घालून दिलं होतं.

"वाचलंस ना रे पुस्तक?" तिने विचारलं.

"दोन महिने घरात तेच चालू होतं, मॅडम," सुजित पुटपुटला.

तिने फोन मागितला. तो वडिलांकडे होता. सुजित पळत जाऊन घेऊन आला. पुस्तक उघडलं आणि मिनलला हसूच आलं. अक्षरं चांगली बोराएवढी केलेली.

"सर, ई-बुकात अक्षर वाढवलं की पानंही वाढतात. हे बघा, सातशे दोन झालीत."

सहाशे अठराव्या पानावर प्रकल्पातलं वाक्य जसंच्या तसं सापडलं. सरांनी आणखी चार संदर्भ काढायला लावले. चारही चोख निघाले.

"हे पुस्तक वाचल्याशिवाय जमणार नाही," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मिनलचा जीव भांड्यात पडला. सुजितचाही पडला असावा, कारण त्याने उभ्या जागेवरून दारापलीकडच्या फळ्यावरची निकालाची तारीख घडाघडा वाचून दाखवली. एवढं बारीक अक्षर मिनलला जवळ जाऊनही दिसत नसे. तरण्या डोळ्यांचं तिला कौतुक वाटलं.

फोन परत द्यायला ती स्वतः बाकापाशी गेली. प्रकल्प मंजूर झाल्याचं तिने सांगितलं. दत्तोबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. चेहरा समाधानाने फुलला होता.

"लय बरं झालं, मॅडम," ते हळूच म्हणाले. "त्या सहाशे अठरा पानाचा अर्थच लागंना. चारदा वाचलं, तवा कुठं मला लिवता आलं."