तासलेली गाठ

दवाखान्यातून घरी येताच फुलवंती म्हणाली, "बा, माझं मोडलेलं धनुष्य आण." सरावात दोरी ओढताना ते फुटलं होतं आणि बांबूची धारदार ढलपी तिच्या डोळ्यात शिरली होती. तो डोळा आता कायमचा गेला होता.

मुंगीलालने दोन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले. आश्रमशाळेतल्या सगळ्या पोरींची धनुष्यं त्यानेच घडवली होती. "बांबूला कीड होती," तो खाली बघत म्हणाला.

फुलवंतीने फुटल्या जागेवरून बोट फिरवलं. "कीड कुठाय? हे तर पेराच्या गाठीवर फुटलंय. गाठ तासलीस तू?"

"गुळगुळीत दिसावं म्हणून," तो म्हणाला. "बांबूचे धागेच कापले गेले, पोरी."

"मग बाकीच्यांची?"

मुंगीलाल अनवाणीच शाळेच्या मैदानाकडे धावत सुटला. पोरी दोऱ्या ताणून उभ्या होत्या. "बाण सोडू नका! दोरी हळूहळू सैल करा!" तो ओरडला. एकेक धनुष्य त्याने चाचपलं. प्रत्येकाची गाठ त्याने हौसेने सपाट केलेली होती.

तिरंदाजीची स्पर्धा तोंडावर आली होती. पोरी रडल्या, शाळेतले सर हातापाया पडले. मुंगीलालने कुणाचंच ऐकलं नाही. कुऱ्हाडीने त्याने सगळी धनुष्यं फोडली.

तो घरी आला तेव्हा फुलवंती दारातच बसली होती.

"कुणाला लागलं तर नाही?"

"नाही."

तेव्हा कुठे ती भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडली. तिच्या पाठीवर हात ठेवायचा मुंगीलालला धीर झाला नाही.