शंभरचा प्लॅन

"आता करा टेस्ट, बाई," नंदीश म्हणाला.

राजेश्वरीबाईंनी मोबाईलवर बोट ठेवलं. गेला महिनाभर त्या हेच करत होत्या. गल्लीतल्या सतरा घरांत सकाळी, दुपारी, संध्याकाळी जायचं, इंटरनेटचा वेग मोजायचा आणि वहीत लिहायचा. सगळ्यांनी शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता. वेग मिळायचा सकाळी अकराचा, दुपारी नऊचा, संध्याकाळी दोनचा. मुरुम गावच्या चौकातल्या फलकावर मात्र 'शंभर म्हणजे शंभर' असं लिहिलेलं होतं, आणि शेजारी नंदीशचा हात जोडलेला फोटो होता. निम्म्या गावात त्याचीच इंटरनेटची केबल होती.

काटा सरसर चढला. एकशे चार.

"झालं का समाधान?"

बाईंनी पुन्हा मोजलं. एकशे चारच. नंदीशनं भिंतीवरच्या वायफायच्या डबीला हातसुद्धा लावला नव्हता. आल्या आल्या तो त्यांच्या पाया पडला होता, कारण कधीकाळी तो त्यांच्या विज्ञानाच्या वर्गात होता. मग चहा घेतला होता आणि एक फोन केला होता. "बाईंचं सोडा," एवढंच बोलला होता.

"म्हणजे वेग होता," बाई म्हणाल्या. "तू देत नव्हतास."

"तुमाला मिळाला ना आता?"

"आणि बाकीची सोळा घरं?"

"त्यांची कुणाची तक्रार न्हाय माझ्याकडं."

"आहे तक्रार. उद्या ग्राहक मंचाकडं अर्ज जातोय. सतराही जणांच्या सह्या आहेत." बाईंनी वही त्याच्यापुढं सरकवली. त्यानं आकडे बघावेत, खाली मान घालावी, असं त्यांना वाटत होतं.

नंदीशनं वही उघडली. आकड्यांकडं त्यानं पाहिलंही नाही. त्याचं बोट डावीकडच्या नावांवरून सावकाश खाली आलं.

"अक्षर लई छान तुमचं. पहिल्यापासून," तो म्हणाला. बाई काही बोलायच्या आत त्यानं मोबाईल काढून पानाचा फोटो घेतला. "पाठवला पण. बघा, डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. तुमच्याच वायफायवरनं."

"कुणाला पाठवलास?"

"आपलीच माणसं हायत." त्यानं वही मिटून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं ठेवली. "अर्ज खुशाल पाठवा. म्या कोण न्हाय म्हणणारा? फक्त तुमच्या नावापुढं एकशे चार लिहा. खोटं लिहू नका, बाई."

तो पुन्हा पाया पडला आणि बाहेर पडला.

बाई खिडकीशी आल्या. नंदीशनं गाडी चालू केली नाही. समोरच्या इरम्माच्या दारात जाऊन तो उभा राहिला. इरम्माची लेक अक्षदा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. ग्राहकांशी बोलता बोलता तिचे कॉल तुटायचे. कंपनीनं दोनदा ताकीद दिली होती. मोबाईलवरून काम करावं, तर तिथं फाईव्ह जीची नुसती खूण दिसायची, वेग दीडच्या वर जायचा नाही. म्हणून महिन्यापूर्वी इरम्माच बाईंकडं आली होती. 'तुमी लिवा बाई, म्या पहिली सही करते,' असं म्हणाली होती.

नंदीश उंबऱ्यावरूनच बोलला. हसला. तांब्याभर पाणी प्याला. मग पलीकडं रामलिंगच्या घरी गेला. तिथून निघाल्यावर मधलं एक घर सोडून पुढच्या दारी थांबला.

मधल्या घरानं सही केली नव्हती, वहीत त्याचं नाव नव्हतं.

बाईंनी खिडकी लावून घेतली. वही कपाटात ठेवली, परत काढली, उशीखाली ठेवली. कुठंही ठेवून आता काही उपयोग नव्हता.

थोड्या वेळानं इरम्मा आली. बाईंनी खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाही.

"बाई, माझं नाव खोडा."

"काय म्हणाला तो?"

"काय न्हाय. अक्षदा कसं काम करती, इचारलं. कंपनीचं नाव इचारलं. सायबाचं नाव इचारलं."

"धमकी दिली?"

"न्हाय वो. लई गोड बोलला. तिला ताई म्हणला."

"इरम्मा, अजून एकदा कॉल तुटला तर पोरीची नोकरी जाईल. तुम्हीच सांगितलं होतं मला."

"आता न्हाय तुटत." इरम्मा जमिनीकडं बघून म्हणाली. "आमचं शंभरच चालतंय."

उघड्या दारातून समोरच्या घरातला आवाज येत होता. "हॅलो? सर, माझा आवाज येतोय का?" अक्षदा थांबली. मग पुन्हा, थोड्या मोठ्यानं, "हॅलो? सर?"

दोघीही ऐकत उभ्या राहिल्या. फाटकाची कडी वाजली. रामलिंग आत येऊन पायरीपाशी उभा राहिला होता, आणि गल्लीतून आणखी दोघं येत होते. नंदीश त्यांच्याही दारी जाऊन आला होता.

बाईंनी मोबाईल उचलला. "चला तुमच्या घरी. आत्ता मोजू. शंभर आलं तर तुमच्यादेखत नाव खोडते."

इरम्मानं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

"नगं, बाई," ती म्हणाली. "मोजू नगा."