कोऱ्या जागेवरचे वाचक

मारितच्या पडद्यावर वाचकांचा आकडा एक होता, आणि ते पान अजून प्रसिद्धच झालं नव्हतं.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका लहानशा कंपनीत ती माहितीपुस्तिका लिहायची. संकेतस्थळावर कोण येतं आणि कुठे थांबतं, हे मोजणाऱ्या साधनाची ही पुस्तिका माणसांसाठी नव्हती. एआय एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने आपणहून कामं करणारे प्रोग्रॅम, ती वाचणार होते आणि लिहिलंय तसंच वागणार होते. आधी सगळे मथळे, मजकूर मागून, अशी मारितची पद्धत. 'ग्राहकांच्या नोंदी पुसण्याआधी माणसाची परवानगी' या मथळ्याखाली तीन आठवडे काहीच नव्हतं.

तेच साधन या पानावरही चालू होतं, आणि त्याच्या मते वाचक नेमका तिथे थांबला होता.

"तूच असशील," तिचा साहेब डेल म्हणाला.

"आपल्या कंपनीतल्यांच्या भेटी मोजणीतून वगळलेल्या असतात, डेल."

"ते सोड, तीन आठवडे जागा कोरी आहे, परवानगी लागत नाही असं लिहून मोकळी हो ना! की तुझ्या जागी दुसरी बघू?"

मारितने इंटरनेटची केबल उपटली. आकडा चाळीस झाला. मग चारशे बारा. सगळे त्याच कोऱ्या जागेवर. पुढे कोणी सरकेना, मागे कोणी फिरेना.

डेलने कॉफी टेबलावर ठेवली. "लिही बाई," तो कुजबुजला, "हे एजंटच आहेत, त्यांना हवंय ते लिही."

मारितने कीबोर्ड बाजूला सारला. डेलकडे नाही, पडद्याकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "माणसाला विचारल्याशिवाय एकही नोंद पुसायची नाही."