अर्धी गोळी

"आजी, दाताच्या गळवाचा रिपोर्ट आलाय. हवेशिवाय वाढणारे जंतू आहेत. पोट बिघडल्यावर घेतात त्या पिवळ्या गोळीनं मरायला हवे होते, पण त्यांना तिची सवय झालीय. खूपदा घेतलीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जन्मात एकही नाही," सुजलेला गाल धरून द्वारकाबाई ठसक्यात म्हणाल्या.

"मग सवय लागली कुठून?"

 द्वारकाबाई घरभर औषधं देत, स्वतः मात्र ओव्याच्या पाण्यावर भागवत. जंतूंना काय दुसऱ्याच्या गोळीची सवय लागते? रिक्षात त्या हेच घोकत राहिल्या.

दारातच सून भेटली. "आई, ह्यांचं पोट परत बिघडलंय. गोळी अर्धी करून द्या ना. सुरीनं भुगा होतो, तुमच्या दातांनी तुटते तशी तुटत नाही."

द्वारकाबाईंनी नेहमीसारखी पिवळी गोळी चांगल्या बाजूच्या दातांत धरली आणि कट्कन तोडली. अर्धी हातावर आली. जिभेवर कडू भुकटी पसरली, वर्षानुवर्षांच्या ओळखीची.

सून हात पुढे करून उभी होती. थुंकावी की गिळावी, द्वारकाबाईंना समजेना.