नवऱ्याची दाढ

जेवता जेवता नवरा हसला आणि डॉ. मृण्मयीला त्याच्या दाढेवर नवी कॅप दिसली. ती स्वतः दातांची डॉक्टर. ही कॅप तिने बसवलेली नव्हती.

“रस्त्यापलीकडच्या शर्वरीकडे गेला होतास?”

“तू माप घेताना तोंडात तो लगदा भरतेस ना, मला गुदमरायला होतं,” श्रीरंग ओशाळून म्हणाला. “ती नुसता छोटा कॅमेरा फिरवते. स्क्रीनवर सगळे दात दिसतात. तासाभरात कॅप तयार.”

“इतकी वर्षं बोलला नाहीस?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

मृण्मयीने त्याला ताटावरून उठवून घराखालच्या दवाखान्यात खुर्चीत बसवलं. शर्वरी एकेकाळी तिच्याच हाताखाली शिकलेली. काहीतरी चूक सापडणारच. तिने अणकुचीदार सळईने कडा चाचपल्या. कुठेच फट नव्हती. तिचा नुसता जळफळाट झाला.

“चांगली बसलीय,” ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ती रस्ता ओलांडून गेली. शर्वरी गडबडून उठली. “मॅडम, तुम्ही?”

“तो कॅमेरा कसा धरायचा, दाखव मला,” मृण्मयी म्हणाली. “आणि माझ्या नवऱ्याच्या दातांना पुन्हा हात लावायचा नाही.”