यवतमाळात काय पाहाल?

"अंतरपाट धरला वं शीला, चाल आता तुळशीपाशी," असं म्हणत मैनाबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. मैनाबाई म्हणजे शीलाची थोरली नणंद. घरातल्या रीतीभातींचा मक्ता त्यांच्याकडे. आणि रीत अशी की पोरीचं लग्न लागताना आईनं ते पाहायचं नाही. तिनं कार्यालयाच्या मागं जाऊन तुळशीला पाणी घालत राहायचं, आणि अक्षता पडल्या की मग डोळे पुसत मांडवात यायचं. आईची नजर लागते म्हणे.

आईची नजर? पोटच्या पोरीला? शीलाला हे कधीच पटलं नव्हतं. पण थोरल्या निकिताच्या वेळी ती मुकाट्यानं गेली होती. मागं भटारखाना, पुऱ्यांच्या तेलाचा धूर, आणि कोपऱ्यात तुळशीची कुंडी. मंगलाष्टकं तिनं कर्ण्यावर ऐकली. लग्न पाहिलं ते नंतर, व्हिडिओत. त्यातही ऐन हार घालायच्या वेळी कुण्या पाहुण्याची रुंद पाठ आडवी आली होती. त्या पाठीवरचा तिचा राग अजून गेला नव्हता.

भैरवी धाकटी. हिच्यानंतर घरात लग्न नाही. आज नाही पाहिलं तर या जन्मी नाही, हे शीला कितीतरी दिवस स्वतःला बजावत होती.

तशी ती एकदा बोलूनही गेली होती. मंदार, म्हणजे होणारा जावई, पुण्याला नोकरीला. त्याच्या ऑफिसातले पाहुणे दोन दिवस आधीच यायचे होते. "यवतमाळात बघायला आहे तरी काय?" असं त्यातल्या एकानं ग्रुपवर विचारलं आणि भैरवीला मिरची झोंबली. "दाखवतेच यांना," म्हणून ती मंदारला घेऊन पाहुण्यांसाठी लिहायला बसली. कळंबचा चिंतामणी पाहा, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. कापूस निघालाय, जिनिंगमधल्या पांढऱ्या राशी पाहा. पाटवडी-रस्सा खा, पण पाणी जवळ ठेवा. शीला बाजूला अक्षतांना कुंकू लावत बसली होती आणि मधूनमधून पोरांच्या चुका काढत होती.

"काकू, तुम्हीच सांगा ना," मंदार म्हणाला, "इथं सगळ्यात पाहण्यासारखं काय आहे?"

"मले विचारून राह्यले का जावईबापू? मी तर पोटच्या पोरीचं लग्न नाही पाह्यलं," शीला म्हणाली. "पण हिचं पाहीन. कोणी काही म्हणो."

भैरवीनं मंदारकडं पाहिलं आणि पुन्हा मोबाईलवर बोटं चालवायला लागली. पोरांनी काही मनावर घेतलं नाही, असं शीलाला वाटलं. नवऱ्याचं तर विचारूच नका. नीळकंठराव एवढंच म्हणाले होते, "ताईले विचार." म्हणजे जे करायचं ते आपलं आपल्यालाच.

आत माईकवर पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

"मी नाही येत," शीला म्हणाली.

"काहून?"

"मले पाह्याचं आहे."

मैनाबाई दारात आडव्या आल्या. "येड्यासारखं करू नको शीला. पोरीच्या संसाराशी खेळ कायले करतं? अपशकुन होते."

हे मात्र काळजाला लागलं. शीलाचे पाय खरोखरच तुळशीकडं वळले. मनात भीती दाटून आली. कोणत्या आईला पोरीचं वाईट पाहवेल? मग तिला आत करवलीचा दिवा धरून उभी असलेली निकिता आठवली. नवऱ्याचं घर सोडून आलेली, आता कायमची माहेरीच राहणारी निकिता.

"निकिताच्या वेळी मी नव्हतं पाह्यलं, वन्सं," ती म्हणाली. "तांब्यावर तांब्या ओतला तुळशीत. मग तिचं काहून मोडलं?"

शीलानं तांब्या त्यांच्याच हातात ठेवला. "पाणी तुम्ही घाला. तुमचीबी पोरगीच आहे ते." आणि ती त्यांच्या बाजूनं निघून आत शिरली.

दुसरं मंगलाष्टक चालू होतं. सारं कार्यालय अक्षता घेऊन उभं. शीला बुटकी, जेमतेम लोकांच्या खांद्याला लागणारी. पुढं पुण्याच्या पाहुण्यांचा जथाच होता, केशरी फेटे बांधलेला. आता यातून वाट कशी काढायची, म्हणून तिनं पदर खोचला. कोपरं मारत जाऊ, पण जाऊच.

कोपर मारायची वेळच आली नाही. फेटेवाले सगळे नवरा-नवरीकडं पाठ करून दाराकडंच तोंड करून उभे होते. तिला पाहताच एकानं दुसऱ्याला ढोसलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि माणसं भराभर दोन्ही बाजूंना सरकली. थेट अंतरपाटापर्यंत वाट मोकळी झाली. जाता जाता कुणीतरी तिच्या मुठीत अक्षता दिल्या.

शीला चालत गेली ती अगदी पुढं जाऊन थांबली. भैरवी मान खाली घालून उभी होती. मुंडावळ्या हलत होत्या. शेवटचं मंगलाष्टक संपलं, भटजींनी अंतरपाट ओढून घेतला. शीलानं पापणीसुद्धा लवू दिली नाही. भैरवीनं हार घातला, मंदारनं घातला, आणि शीलानं मुठीतल्या अक्षता जोरानं उधळल्या. इतका आनंद झाला होता की तिला रडूच येईना.

वाजंत्री सुरू झाली तेव्हा कुठं ती भानावर आली. शेजारी फेटा बांधलेल्या एक वयस्क बाई उभ्या होत्या, मंदारच्या ऑफिसातल्या.

"लग्न तर इकडं लागत होतं," शीलानं त्यांना विचारलं, "तुम्ही सगळे दाराकडं काय पाहून राह्यले होते?"

बाई हसल्या. "अहो, भैरवीनं आम्हाला लिहून पाठवलं होतं. टिपेश्वरच्या जंगलात वाघ दिसेल की नाही, सांगता येत नाही. पण मंगलाष्टकं सुरू झाली की दाराकडं बघा, तिथून आमची आई नक्की येईल."